चेंगडूच्या साध्या हॉटेलात तिखट जेवताना काय मागवावं आणि काय ताटलीतच सोडावं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही सांगलीकडचे, घरी तांबडा रस्सा वाट्यावर वाट्या पिणारे. मशीन बसवण्याच्या कामासाठी चीनमधल्या सिचुआन प्रांताच्या राजधानीत, चेंगडूत मुक्काम आहे. तिथल्या सहकाऱ्यांनी कारखान्याजवळच्या साध्या हॉटेलात नेलं, लाल तेलात पोहणारा मासा आणि मिरच्यांच्या ढिगात हरवलेलं चिकन मागवलं. तिखट तुम्ही निभावलंत, पण ओठ बधिर झाले, जिभेवर मुंग्या आल्या, पाणी प्यायलात तर ते आंबूस लागलं आणि दुसऱ्या दिवशी पोटाने दगा दिला. तुमचं विचारणं असं की हे काही विषबाधेसारखं होतं का, आपली तिखटाची सवय इथे का चालली नाही, पुढच्या वेळी काय मागवावं, सोबतच्या शाकाहारी सहकाऱ्याचं काय करावं आणि परत येताना घरी काय न्यावं.

मी आधी चेंगडूत आणि नंतर मुंबईत सिचुआन स्वयंपाकघरांत काम केलंय, आजही करतो. त्यामुळे माझं उत्तर ओट्यामागून आहे. तुमची जीभ ठणठणीत आहे. गडबड झाली ती टेबलावर काय काय एकत्र आलं त्यात. दोन्ही पदार्थ एकाच जातीचे, दोन्ही तेलकट, दोन्ही मिरचीचे आणि ह्वाज्याओ या तोंड बधिर करणाऱ्या मसाल्याचे. असं जेवण चेंगडूचा माणूससुद्धा रोज जेवत नाही. कोल्हापुरातही तांबड्याशेजारी पांढरा रस्सा ठेवायची पद्धत आहे, ती उगाच नाही.

आता त्या मुंग्यांचं. त्या मिरचीने येत नाहीत, ह्वाज्याओने येतात. तिकडचा हा मसाला म्हणजे एका काटेरी झाडाच्या छोट्या फळाची साल. आपल्या कोकणात आणि गोव्यात बांगड्याच्या आमटीत तिरफळं घालतात ना, त्याच प्रजातीतलं हे झाड आहे, आणि दोघंही लिंबू-संत्र्याच्या कुळातली. तिरफळाची काळी बी आपण काढून टाकतो आणि साल वापरतो, तेच तिथेही करतात, कारण बी दाताखाली वाळूसारखी करकरते. फरक जोराचा आहे. तिरफळाचा वास लाकडासारखा, थोडा संत्र्याच्या सालीचा, आणि जिभेवरचा परिणाम सौम्य. ह्वाज्याओ तोंडच ताब्यात घेतं.

त्यातला घटक म्हणजे सान्शूल नावाच्या गटातलं एक रसायन. ते जिभेच्या आणि ओठांच्या स्पर्श जाणणाऱ्या मज्जातंतूंना चाळवतं. २०१३ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी लोकांच्या ओठांवर ह्वाज्याओ लावून, त्या मुंग्या बोटाला दिलेल्या यांत्रिक कंपनाशी ताडून पाहिल्या. त्या सेकंदाला साधारण ५० कंपनांच्या आसपास बसल्या. म्हणजे तुम्हाला ओठ थरथरल्यासारखे वाटले ते खरंच तसं जाणवतं, प्रत्यक्षात ओठ हलत नसतात. एक अख्खा दाणा दाताखाली आला तर क्रम असा असतो: आधी लिंबाच्या सालीसारखा वास, मग किंचित कडवट चव, मग काही क्षण काहीच नाही. तुम्हाला वाटतं, एवढंच? आणि तेवढ्यात जिभेच्या शेंड्यापासून लाट सुरू होते, तोंडाला पाणी सुटतं, ओठांच्या कडा आपल्या वाटेनाशा होतात. पंधरा-वीस मिनिटांत उतरतं. त्या वेळात पाणी आंबूस किंवा धातूसारखं लागणं हेही नेहमीचंच.

विषबाधा वगैरे काही नाही. फक्त एक गोष्ट वेगळी ओळखा. ओठ किंवा चेहरा दिसण्याइतका सुजला, अंगावर गांधी उठल्या, श्वास घ्यायला त्रास झाला, तर तो ह्वाज्याओचा सुखद बधिरपणा नव्हे, ती ॲलर्जी असू शकते. शेंगदाणे आणि तीळ या जेवणात जागोजागी असतात. अशा वेळी थांबायचं नाही. चीनमध्ये रुग्णवाहिकेचा क्रमांक १२० आहे.

दाणे चावून खायचे नसतात, हे कुणी तुम्हाला सांगितलं नसणार, कारण तिथल्यांना ते सांगण्यासारखं वाटतच नाही. अख्खे दाणे तेलाला वास देण्यासाठी असतात. चॉपस्टिकने बाजूला सारायचे. आपण कढीपत्ता आणि तमालपत्र काढून ठेवतो तेवढंच सहज. हिरवं ह्वाज्याओ दिसलं तर जास्त सावध राहा. त्याचा वास ताजा, लिंबाकडे झुकणारा, आणि मुंग्या तीक्ष्ण. माशाच्या पदार्थांत ते देठासकट हिरवेगार घोस घालतात, दिसायला फार सुरेख. लाल ह्वाज्याओमध्ये हानयुआन भागातलं सर्वांत नामी समजतात. पूर्वी ते दरबारी नजराणा म्हणून जायचं.

मिरचीबद्दल मात्र तुमचा गैरसमज दूर करतो. सिचुआनच्या साध्या हॉटेलातली मिरची आपल्या लवंगी मिरचीइतकी जहाल क्वचितच असते. चेंगडूच्या स्वयंपाकात सगळ्यात लाडकी मिरची अर्जिंगत्याओ. लांब, पातळ, वास सुरेख, तिखट बेताचं. आपल्याकडे तिच्या जवळ जाणारी कोणती असं विचाराल तर मी ब्याडगीचं नाव घेईन. जोडीला गोळीच्या आकाराची बुटकी मिरची आणि आभाळाकडे तोंड करून वाढणारी मिरची, त्या जरा चढ्या. खरा जाळ हवा असेल तर चेंगडूच्या दक्षिणेला त्झिगोंग नावाचं शहर आहे, तिथे ताज्या बारीक मिरच्या आणि कोवळं आलं मूठमूठभर घालतात. मिठाच्या विहिरींचं गाव ते; १८३५ साली तिथे हजार मीटरच्या पलीकडे खोल विहीर खणली गेली होती. खारं पाणी उपसायला बैल जुंपायचे आणि म्हाताऱ्या बैलांचं मांस मजुरांच्या पातेल्यात जायचं, असं सांगतात. तुम्ही खाल्लेला तेलात पोहणारा मासा ज्या घराण्यातला, त्या पदार्थाचा मूळ प्रकार बीफचा आणि त्याचं माहेर त्झिगोंगच मानलं जातं.

तर मग सवयीच्या माणसालाही घाम का फुटतो? तेलामुळे. मिरचीतला कॅप्सेसिन हा घटक पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. आपला रस्सा पातळ, तवंग वर, पोटात भाकरी. तिथे मिरची थेट तेलात उतरवलेली, आणि ते तेल माशाच्या प्रत्येक पातळ कापाला चिकटून तोंडात येतं, तोंडात रेंगाळतं. वर पदार्थ कढत. कॅप्सेसिन ज्या संवेदकाला जागवतं, तोच साधारण ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेलाही जागा होतो. म्हणून तिखट तोंडात गरम चहा प्यायलात की जाळ दुप्पट.

त्या माशाच्या वाडग्याकडे जरा नीट पाहू, कारण नवखे लोक इथेच फसतात. तळाला मुगाचे किंवा सोयाबीनचे मोड, भाजी. त्यावर माशाचे पातळ काप, पिठात हलके घोळवून मसालेदार पाण्यात क्षणभर शिजवलेले. वर कुटलेली सुकी मिरची, ह्वाज्याओ, लसूण. आणि शेवटी धुरावलेलं तेल ओततात, तेव्हा तो चर्र आवाज आणि वासाचा लोट. ते तेल म्हणजे रस्सा नाही. ते प्यायचं नाही, भातावर घ्यायचं नाही. माशाचा काप उचलायचा, वाडग्याच्या कडेला क्षणभर टेकवून तेल निथळू द्यायचं, मग आपल्या भाताच्या वाडग्यावर ठेवायचा, तिथेही थोडं तेल भात पिऊन घेतो, आणि मग खायचा. तळची भाजी खायची असेल तर तीही अशीच निथळून. जेवण संपल्यावर वाडग्यात लिटरभर लाल तेल उरलं पाहिजे. उरलं नसेल तर ते तुमच्या पोटात आहे, आणि दुसऱ्या दिवशीच्या तक्रारीचं कारण बहुतेक तेच.

मिरच्यांच्या ढिगातलं चिकन म्हणजे ला-त्झी-जी. याचं नाव चोंगछिंगजवळच्या गलशान टेकडीशी जोडलेलं आहे. (चोंगछिंग १९९७ पासून सिचुआनच्या बाहेर, स्वतंत्र महानगर आहे, पण जिभेने दोघं एकाच घरचे, आणि एकमेकांना टोमणे मारायला कायम तयार.) यातला मिरच्यांचा ढीग खाण्यासाठी नसतो. हाडासकट बारीक तोडलेलं चिकन कडक तळतात, मग मिरची आणि ह्वाज्याओ मंद तेलात परतून त्यांचा वास चिकनला चढवतात. खायची रीत म्हणजे ढिगात चॉपस्टिकने उकरत चिकनचे तुकडे शोधणं. गप्पा मारत, बिअरसोबत, हळूहळू. भाताबरोबर पोट भरायला हा पदार्थ मागवणं मला कधीच पटलेलं नाही. हाडं वेचण्यातच जेवण संपतं.

आता मागवायचं काय. सिचुआनी स्वयंपाकी मसाल्यांच्या मिश्रणांचे साधारण २४ ठरावीक स्वाद मोजतात, आणि त्यातले कितीतरी मुळीच तिखट नाहीत. प्रत्येक पदार्थाची तऱ्हा वेगळी, शंभर पदार्थ शंभर चवी, अशी तिथली म्हण आहे आणि चांगला आचारी ती मनावर घेतो. म्हणून एका टेबलावर एक जाळाचा पदार्थ पुरे. चौघं असाल तर एक लाल, एक आंबटगोड, एक कोरडी परतलेली भाजी, एक नुसती लसूण घालून परतलेली हिरवी पालेभाजी आणि एक पारदर्शक सूप. हिवाळ्यात गेलात तर वाटाण्याचे कोवळे शेंडे मिळतात, ते सोडू नका. मला विचाराल तर त्या टेबलावरचा सगळ्यात चांगला पदार्थ कित्येकदा तोच असतो.

आंबटगोडात गोंगपाओ चिकन घ्या. छिंग राजवटीत सिचुआनचे राज्यपाल असलेले दिंग बाओझन यांच्या पदवीवरून हे नाव पडलं. चिकनचे छोटे चौकोनी तुकडे, शेंगदाणे, कांद्याची पात, सुक्या मिरचीचा फक्त वास, आणि व्हिनेगर-साखरेची हलकी चव. मुंबईत या नावाने जे येतं त्यापेक्षा ते बरंच कोरडं आणि कमी गोड असतं. दुसरा पर्याय यू-श्यांग वांगी. नावात मासा आहे, पदार्थात मासा नसतो. खारवलेली लाल मिरची, आलं, लसूण, पात, साखर आणि व्हिनेगर यांचा स्वाद. वांगं तेलात लोण्यासारखं मऊ झालेलं. भाताबरोबर जेवायला तुमच्यासारख्या माणसाला याहून चांगलं काही नाही.

मापो तोफू मात्र नक्की खा, पण चांगल्या ठिकाणी. चेंगडूच्या उत्तरेकडे एका पुलाजवळ चेन आडनावाच्या कुटुंबाची खानावळ होती, १८६२ सालापासूनची असं सांगतात. ती चालवणाऱ्या बाईंच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते, त्यावरून पदार्थाचं नाव पडलं. कढईपाशी उभं राहिलात तर चांगला मापो कसा होतो ते डोळ्यांना दिसतं. तोफू आधी मिठाच्या गरम पाण्यात पडून असतो, त्याने तो आतून गरम होतो आणि तुटत नाही. कढईत तेल, त्यात खिमा पाणी आटून कुरकुरीत होईपर्यंत. मग चेंगडूजवळच्या पीश्येन गावचं दोउबान घालतात, म्हणजे बाकल्याच्या डाळीसारख्या दाण्यांची आणि मिरचीची, उन्हादवात वर्ष-दोन वर्षं आंबवलेली पेस्ट. इथे आच कमी करावी लागते. घाई केली तर ती करपून कडू होते, नीट परतली तर तेल हळूहळू वीटकरी लाल होत जातं आणि कच्चा आंबूस वास जाऊन खमंग वास येतो. खारवलेले काळे सोयाबीन, मिरचीपूड, थोडं स्टॉक, मग तोफू. ढवळत नाहीत, उलथन्याच्या पाठीने पुढे ढकलतात. स्टार्चचं पाणी एकदम न ओतता दोन-तीन हप्त्यांत घालतात, म्हणजे रस तोफूला धरून बसतो आणि लाल तेल वर वेगळं दिसतं. लसणाची पात, आणि वाढताना भाजून कुटलेली ह्वाज्याओ पूड. ही पूड ताजी असली तर वासच सांगतो. पूड महिनोन्महिने बरणीत पडलेली असेल तर नुसता कडवटपणा उरतो, आणि ज्या हॉटेलात मापोवर असा मळकट कडू वास आला तिथे मी पुढचं काही मागवत नाही.

इथेच तुमच्या शाकाहारी सहकाऱ्याचा आणि बीफ न खाणाऱ्यांचा प्रश्न येतो. मापोमधला खिमा मूळ पद्धतीत बीफचा, बऱ्याच ठिकाणी पोर्कचा. तोफू दिसला म्हणून शाकाहारी समजू नका. कोरड्या परतलेल्या शेंगांच्या भाजीतही बहुधा पोर्कचा खिमा असतो. साध्या परतलेल्या पालेभाजीत डुकराची चरबी पडू शकते, सूप हाडांचं असू शकतं, आणि चिकनच्या स्वादाची पावडर तर स्वयंपाक्याच्या हाताशी मिठाइतकी असते. “मी शाकाहारी आहे” एवढं सांगून भागत नाही. मोबाईलवरच्या भाषांतरात स्पष्ट वाक्य करून ठेवा: मांस नको, खिमा नको, डुकराची चरबी नको, हाडांचं पाणी नको, चिकन पावडर नको, वनस्पती तेल वापरा. ते आतल्या माणसाला दाखवा, वेटरला सांगून विसंबू नका. छोट्या हॉटेलांत याचा एक फायदा असतो की आतला माणूस चार पावलांवर असतो आणि बहुधा मालकच असतो. खिमा वगळून मापो करायला कुणी नाही म्हणत नाही. दोउबान स्वतः दाण्यांचं, मिरचीचं, मिठाचं आणि गव्हाच्या पिठाचं असतं. सहकारी काटेकोर असतील, किंवा कांदा-लसूणही चालत नसेल, तर चेंगडूत वेन्शू बौद्ध मठाचं शाकाहारी भोजनालय आहे. बौद्ध मठांच्या रीतीप्रमाणे तिथल्या जेवणात कांदा-लसूण वर्ज्य असतो, त्यामुळे जैन माणसालाही निदान विचारून पाहण्यासारखं ते ठिकाण आहे.

हॉटपॉटला बोलावलं तर आधीच विचारा. लाल हॉटपॉटचं तेल बहुतेक ठिकाणी बीफची चरबी असते, चोंगछिंग पद्धतीत तर नक्कीच. वनस्पती तेलातला हॉटपॉट वेगळा मिळतो, आणि दोन कप्प्यांचं भांडंही मिळतं, एका बाजूला लाल, एका बाजूला पांढरं. पांढरी बाजू मशरूमची घ्या, नाहीतर तीही हाडांची येते. सोबत तिळाच्या तेलात ठेचलेला लसूण घालून वाटी देतात. इतक्या तेलात आणखी तेल कशाला असं वाटेल, पण उकळता तुकडा त्यात बुडवला की तो निवतो आणि मिरचीचा काही अंश त्या तेलात उतरतो. ती वाटी टाळू नका.

तिखट किती हवं हे सांगता येतं. वेइ-ला म्हणजे कमी, झोंग-ला म्हणजे मध्यम, त-ला म्हणजे जादा. चेंगडूचं “कमी” हे पुण्याच्या “मध्यम”च्या वर असतं, हे धरून चला. पहिल्यांदा वेइ-लाच. त-ला मागवण्यात मर्दुमकी काही नाही. त्यात बहुतेक वेळा तयार मिरची वरून ओततात आणि बाकीचे स्वाद मरतात. आमच्या स्वयंपाकघरात जादा तिखटाची ऑर्डर आली की आचारी खांदे उडवायचा, कारण त्याच्या दृष्टीने ते काम बिघडवण्याचं फर्मान असतं. ह्वाज्याओ नको असेल तर तसंही सांगता येतं, पण मग सिचुआनला येऊन काय केलं? अर्धं घालायला सांगा.

पेयांचं थोडक्यात. पाण्याने मिरची धुतली जात नाही, बिअरनेही फारशी नाही. दुधातली प्रथिनं कॅप्सेसिनला धरून ठेवतात, पण या हॉटेलांत ताक मिळायचं नाही. बाजूच्या दुकानातून दह्याचं पेय आणून टेबलावर ठेवलं तर साध्या ठिकाणी सहसा कुणी हरकत घेत नाही. फ्रीजमध्ये बाटलीतलं गोड सोया-दूध असतं, त्याने बरं वाटतं. मिळाल्यास बिंगफन खा: एका रानटी झुडपाच्या बिया पाण्यात चोळून धरलेली पारदर्शक थरथरीत जेली, वर गुळासारख्या लाल साखरेचा पाक. तोंड जळतंय तोवर गरम चहा बाजूला ठेवा. नंतर कडू कुट्टूचा भाजका चहा जरूर घ्या. आणि मधे मधे भात. तो चघळा, नुसता गिळू नका.

पोटाचं म्हणाल तर रिकाम्या पोटी लाल पदार्थाला हात घालू नका. आधी थोडा भात, एखादं सूप. आपल्याकडे तिखट खाणाऱ्याला आतड्यांची थोडी सवय असते, पण इतक्या तेलाची नसते. सकाळची जळजळ दिवसभरात जाते. अल्सर, मूळव्याध किंवा पित्ताचा जुना त्रास असेल तर मात्र प्रयोग नको, आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. ताप किंवा रक्त दिसलं तर तो मिरचीचा विषय राहत नाही, सरळ हॉस्पिटल गाठा.

यजमानाला नाही कसं म्हणायचं, हा तुमच्या प्रश्नात दडलेला प्रश्न. तिथे एकजण सगळ्यांसाठी मागवतो आणि पाहुण्याच्या भाताच्या वाडग्यावर स्वतः वाढतो. वाढलेलं तसंच ठेवलं तरी चालतं, प्रत्येक तुकडा संपवलाच पाहिजे असं नाही. “शांग-ह्वो झालंय” म्हणा, म्हणजे आपल्याकडची उष्णता: तोंड आलंय, घसा दुखतोय. चीनमध्ये ही सबब कोणालाही पटते, उलट लगेच काकडी, सूप आणि पांढरा भोपळा मागवतील. आणि पुढच्या वेळी मागवताना तुम्हीच म्हणा, एक सूप आणि एक हिरवी भाजी माझ्या आवडीची घ्या. यजमान खूश होतो, पाहुण्याला काहीतरी हवंय म्हणून.

हॉटेल निवडताना चकचकीतपणा बघू नका. तिथे अशा गल्लीतल्या कळकट छोट्या खानावळींना लोक लाडाने “माश्यांची हॉटेलं” म्हणतात (घोंगावणाऱ्या माश्या, मासे नव्हे), आणि त्यांतल्या नामांकित ठिकाणांसमोर स्टूल टाकून लोक नंबर लावतात. मी दोनच गोष्टी बघतो: शेजारपाजारची म्हातारी माणसं जेवतायत का, आणि प्रत्येक टेबलावर निदान एक पांढरा-हिरवा पदार्थ आहे का. सगळ्या टेबलांवर नुसतं लाल दिसलं तर ते पर्यटकांचं हॉटेल. वेळेवर जा, संध्याकाळी सहाच्या आसपास. लहान ठिकाणी उशिरा गेलात तर भाजी संपलेली असते. पैसे मोबाईलवरून देतात, परदेशी कार्ड अलीपेला जोडून ठेवा.

घरी न्यायला मी दोनच वस्तू सांगेन. एक लाल ह्वाज्याओ, अख्खं, पूड नको. घेताना मूठभर हातात चोळून वास घ्या, तळहाताला तेलकट सुवास राहिला पाहिजे. साली उघडलेल्या, काळ्या बिया आणि काड्या कमी. घरी घट्ट बरणीत फ्रीझरमध्ये ठेवा, लागेल तेवढंच कोरडं भाजून कुटा. दुसरं पीश्येनचं दोउबान, जास्त मुरलेलं, काळपट दिसणारं, हवाबंद पाकिटातलं, आणि ते चेक-इनच्या सामानात. मिरची न्यायची गरज नाही, ब्याडगीने काम भागतं. बाजारात मिळणाऱ्या शेजवान चटणीशी या दोन्हींचा काही संबंध नाही. ती आपल्या भारतीय चायनीजची, लसूण-मिरची-व्हिनेगरची चटणी आहे, तिच्या जागी ती झकास, फक्त तिच्यात ह्वाज्याओ शोधू नका. आणि ह्वाज्याओ संपलं म्हणून तिरफळ घालून मापो करू नका, किंवा तिरफळाच्या जागी ह्वाज्याओ घालून बांगडा करू नका. दोन्ही मी खाल्लंय, दोन्ही वाया जातं. पहिल्यांदा करायचंच असेल तर यू-श्यांग वांगी करा: दोउबानचा एक चमचा, आलं-लसूण बारीक चिरून, साखर आणि व्हिनेगर सारख्याच मापाने, सोया सॉस त्याच्या निम्मा, शेवटी पात. त्यात ह्वाज्याओ लागतच नाही, त्यामुळे घरातलं लहान मूलही खाईल.